चार खुंट्या, एक मीटर आणि जमिनीखालची उष्णता

मोहोळ तालुक्यातल्या एका शेतात एप्रिलच्या उन्हात बोअरचा पॉइंट, म्हणजे बोअर कुठे घ्यायचे ती जागा, काढण्याचे काम चालू होते आणि मी बांधावर उभा राहून ते पाहत होतो. काळ्या रानात एका सरळ रेषेत चार लोखंडी खुंट्या हातोड्याने ठोकलेल्या होत्या, प्रत्येक खुंटीला वायर जोडलेली होती आणि मधोमध गोणपाटावर मीटरची पेटी ठेवून एक तरुण आकडे वाचत होता; दुसरा ते वहीत उतरवीत होता. बाहेरच्या दोन खुंट्यांच्या बुडाशी शेतकऱ्याचा मुलगा तांब्याने मिठाचे पाणी ओतत होता, कारण भेगाळलेल्या कोरड्या मातीत खुंटीचा जमिनीशी नीट संपर्क होत नाही. दर दोन-तीन वाचनांनंतर खुंट्या उपटून आणखी लांब ठोकल्या जात. तासाभराने शेताच्या मालकांनी विचारले, "जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करणार म्हणून पेपरात आलंय. तुमच्या मशीनला खालचं पाणी गरम हाय का गार, ते कळतंय का?" तरुण म्हणाला, "नाही काका, वीज किती अडते, तेवढंच ह्याला कळतं."

त्या प्रामाणिक उत्तरात या विषयाचे निम्मे मर्म आले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा शब्द बातम्यांत वारंवार येतो. भूऔष्णिक ऊर्जा म्हणजे पृथ्वीच्या पोटातील उष्णता वापरून वीज निर्माण करणे किंवा ती उष्णता थेट कामाला लावणे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशात उष्णतेच्या खुणा दिसणारी ३८१ ठिकाणे नोंदवली असून त्यांची वीजक्षमता सुमारे १०,६०० मेगावॉट असावी, असा अंदाज वर्तवला आहे. अंदाज कागदावर आहे. उष्णता मात्र नेमकी कुठे, किती खोल आणि किती रुंद आहे, हे न खोदता शोधावे लागते. त्या शोधातील महत्त्वाचे साधन आपल्या बोअरवाल्यांच्या मीटरचेच थोरले भावंड आहे, म्हणून सोलापूरच्या वाचकाला ही गोष्ट समजायला सोपी आहे.

रोधकता म्हणजे काय

आपल्या सोलापुरी टॉवेलचे उदाहरण घेऊ. कोरड्या टॉवेलमधून वीज जवळजवळ वाहत नाही. तो साध्या पाण्यात भिजवला तर थोडी वाहते, मिठाच्या पाण्यात भिजवला तर बरीच वाहते आणि तेच मीठपाणी गरम असेल तर आणखी सहज वाहते. सूत तेच, विणही तीच. बदलले ते सुतामधल्या पोकळीत काय भरले आहे, एवढेच. खडकाचेही बहुतांशी असेच असते. पदार्थ विजेला किती अडवतो, याच्या मोजमापाला रोधकता म्हणतात आणि ती ओहम-मीटर या एककात सांगतात. आकडा मोठा असेल तर वीज अडते, लहान असेल तर सहज वाहते.

अखंड, कोरड्या काळ्या पाषाणाची रोधकता शेकडो ते हजारो ओहम-मीटर असते. पाणी धरलेल्या मुरमाची किंवा कच्च्या खडकाची दहा ते शंभर ओहम-मीटरच्या दरम्यान भरते. आपल्या काळ्या मातीची बऱ्याचदा दहाच्याही खाली जाते, तर समुद्राच्या पाण्याची एका ओहम-मीटरच्या पाव हिश्श्याच्या आसपास असते. उष्णतेचा परिणामही मोजता येतो. क्षारयुक्त पाणी नेहमीच्या तापमानाला असताना ते एक अंशाने तापवले की त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, कारण विरघळलेल्या क्षारांचे कण गरम पाण्यात अधिक चपळपणे हलतात. म्हणजे २५ अंशांचे पाणी १२५ अंशांवर गेले, तर त्याची रोधकता ढोबळमानाने एक तृतीयांशावर येते.

चार खुंट्याच का

बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीजप्रवाह सोडतात आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये विजेच्या दाबाचा (व्होल्टेजचा) किती फरक पडला, तो मोजतात. हे काम दोनच खुंट्यांवर केले तर खुंटी आणि माती यांच्या सांध्यातला रोधही मोजला जातो आणि खालच्या खडकाची गोष्ट त्यात हरवते. कॉनराड श्लुंबर्जे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये नॉर्मंडीत जमिनीत वीज सोडून खालच्या थरांचा नकाशा काढण्याचा प्रयोग केला आणि अमेरिकेत फ्रँक वेनर याने १९१५ मध्ये समान अंतरावरच्या चार खुंट्यांची पद्धत मांडली. आजही दोन्ही मांडण्या त्यांच्याच नावांनी ओळखल्या जातात.

वेनरचा हिशोब शाळेतल्या ओहमच्या नियमापासून फार दूर नाही. समजा, लगतच्या दोन खुंट्यांत १० मीटर अंतर आहे, १०० मिलिअँपिअर प्रवाह सोडला आणि आतल्या खुंट्यांत ५० मिलिव्होल्टचा फरक मिळाला. दाबाला प्रवाहाने भागले की अर्धा ओहम येतो. त्याला दोन गुणिले पाय (π, सुमारे ३.१४) गुणिले अंतर, म्हणजे सुमारे ६३ ने गुणले की ३१ ओहम-मीटर मिळतात. वहीत उतरवले जाणारे आकडे हेच.

खुंट्या लांब का नेतात, हे सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीवरून समजेल. यात्रेच्या होम मैदानाची दोन प्रवेशद्वारे अगदी शेजारी असती, तर एकातून आलेली माणसे सरळ दुसऱ्यातून बाहेर पडली असती आणि मैदानाच्या आतल्या भागात कोणी फिरकले नसते. द्वारे जितकी दूर, तितकी गर्दी आत खोलवर पसरते. विजेचेही तसेच आहे. बाहेरच्या खुंट्यांमधील अंतराच्या ढोबळमानाने पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतक्या खोलीची माहिती मिळते. शंभर मीटर खोल पाहायचे तर पाच-सहाशे मीटर वायर पुरते. एक किलोमीटर खोल पाहायचे तर वायर पाच-सहा किलोमीटर ताणावी लागते, वाटेत रस्ते, कॅनॉल आणि दुसऱ्यांची राने ओलांडावी लागतात.

एका आकड्यात अनेक थर

जमिनीवर मिळणारा आकडा कुठल्याही एका थराचा नसतो. वीज जितक्या थरांतून गेली, त्या सगळ्यांचा तो एकत्रित परिणाम असतो. त्याला आभासी रोधकता म्हणतात. त्यातून थर वेगळे करणे म्हणजे शेंगाचटणी चाखून तिच्यात लसूण किती, तिखट किती, मीठ किती हे ओळखणे. अनुभवी जीभ बरेचसे बरोबर सांगते, पण दोन वेगळ्या प्रमाणांची चटणी जवळजवळ एकाच चवीची लागू शकते. रोधकतेच्या सर्वेक्षणातही पातळ पण फार कमी रोधकतेचा थर आणि जाड पण थोड्या जास्त रोधकतेचा थर वरून सारखेच दिसू शकतात. संगणक हजारो शक्यता तपासून जमिनीचे जुळणारे चित्र काढतो. ते एकमेव खरे चित्र आहे, असा दावा संगणक करत नाही आणि आपणही करू नये.

काळ्या मातीतले खनिज आणि उष्णतेचे झाकण

मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट आता येते आणि ती मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या रानापर्यंत येऊन पोचते.

उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात पायाला गोळे होऊन चिकटणारी आपली काळी माती ज्या खनिजामुळे अशी वागते, त्याचे नाव स्मेक्टाइट. त्याचे अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात, त्यांच्यामध्ये पाणी शिरते तेव्हा माती फुगते आणि त्याच फटींत सैल धरलेले क्षारांचे कण असतात. हे कण सहज हलतात, म्हणून काळ्या मातीतून वीज चटकन वाहते. आपल्याकडे हे खनिज पाषाणाच्या झिजेतून लाखो वर्षांत तयार झाले. ज्वालामुखीच्या प्रदेशात मात्र जमिनीखाली गरम पाणी खडकातून फिरते आणि तेच खडक शिजवून त्यांचे स्मेक्टाइटमध्ये रूपांतर करते.

अशा चिकणमातीचा जाड थर उष्ण साठ्यावर झाकणासारखा बसतो. पातेल्यावर झाकण ठेवून कडेने कणीक लावली की वाफ आत कोंडते, तसा हा थर गरम पाण्याला वर निसटू देत नाही. त्याची रोधकता बऱ्याचदा एक ते दहा ओहम-मीटर इतकीच असते. भूऔष्णिक शोधात पहिल्यांदा नजरेस भरतो तो हाच थर. न्यूझीलंडच्या वैराकेई येथे १९५८ मध्ये भूऔष्णिक विद्युतकेंद्र सुरू झाले आणि साठच्या दशकात तिथे रोधकतेच्या मोजणीतून उष्ण क्षेत्राची सीमा आखली गेली. सीमेच्या आत आकडा कमी आणि बाहेर पाऊल टाकताच तो कितीतरी चढलेला, असे चित्र मिळाले.

यावरून जिथे आकडा सर्वांत कमी तिथेच सर्वांत जास्त उष्णता, असे कोणालाही वाटेल. पण सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे स्मेक्टाइट टिकत नाही. ते हळूहळू बदलते आणि २३०-२४० अंशांच्या वर त्याच्या जागी क्लोराइट, एपिडोट यांसारखी खनिजे येतात, ज्यांच्यात सैल कण नसतात. त्यामुळे झाकणाखालच्या अधिक उष्ण गाभ्याची रोधकता पुन्हा वाढते. आइसलंडमधील अभ्यासांनी ही रचना स्पष्ट केली: वर कमी रोधकतेचा घुमट आणि त्याच्या पोटात जास्त रोधकतेचा उष्ण गाभा. ज्याला केवळ "कमी आकडा शोधा" एवढेच शिकवले आहे, तो झाकणातच खोदून थांबेल.

आणखी एक फसवणूक आहे. साठा हजारो वर्षांपूर्वी थंड झाला, तरी एकदा तयार झालेली खनिजे तशीच राहतात. आकडे जुन्या उष्णतेची साक्ष देतात, आजच्या उष्णतेची हमी देत नाहीत. चूल विझली तरी भिंतीवरची काजळी राहते, तसे ते आहे.

खुंट्या पुरत नाहीत तेव्हा

भूऔष्णिक साठे अनेकदा एक ते तीन किलोमीटर खोल असतात. तिथे खुंट्यांऐवजी निसर्गाने सोडलेली वीज वापरतात. जगभर सतत पडणाऱ्या विजा आणि सूर्याकडून येणारे भारित कण यांमुळे पृथ्वीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र अखंड थरथरत असते आणि त्या थरथरीने जमिनीत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात. ते मोजून रोधकता काढण्याच्या पद्धतीला मॅग्नेटोटेल्युरिक म्हणतात. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असली की ढोलाचा घुमणारा आवाज भिंती पार करून घरात येतो आणि सनईचा बारीक सूर वाटेतच विरतो. इथेही मंद थरथर खोल पोचते आणि जलद थरथर वरच्या थरांतच संपते. रोधकता ५० ओहम-मीटर असेल, तर सेकंदाला शंभर वेळा होणारी थरथर सुमारे ३५० मीटरपर्यंत आणि सेकंदाला एकदा होणारी सुमारे साडेतीन किलोमीटरपर्यंत पोचते.

या पद्धतीचा शत्रू म्हणजे माणसाने निर्माण केलेली वीज. आपल्या भागात तो प्रश्न लहान नाही: रायचूर-सोलापूर ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि त्या अर्थाने सोलापूर हे देशाच्या विजेचे नाके आहे. अशा वाहिन्यांजवळ निसर्गाची कुजबुज ऐकणे फार अवघड जाते.

भारतात कुठे शोध चालला आहे

लडाखमधील पुगा खोरे या बाबतीत आघाडीवर आहे. सुमारे ४,४०० मीटर उंचीवरच्या या खोऱ्यात जमिनीतून उकळते पाणी आणि वाफ बाहेर पडते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सत्तरच्या दशकात तिथे सर्वेक्षण व खोदकाम केले, पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने मॅग्नेटोटेल्युरिक पाहणी केली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने पहिल्या टप्प्यात एक मेगावॉटच्या प्रकल्पासाठी लडाख प्रशासनाशी करार केला.

महाराष्ट्रात गरम झरे आहेत ते मुख्यतः कोकणात: वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, उन्हवरे, तुरळ, राजवाडी, राजापूरचे उन्हाळे. जळगाव जिल्ह्यातील उनपदेवही त्यांतलेच. त्यांच्याखाली ज्वालामुखी आहे, असे अनेकांना वाटते, पण दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याची उष्णता केव्हाच संपली आहे. इथे पावसाचे पाणी खोल भेगांतून खाली उतरते, खोलीमुळे तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. त्यामुळे कोकणात सर्वेक्षकाला मोठ्या घुमटापेक्षा अरुंद, उभी, पाणी वाहणारी भेग शोधावी लागते, आणि समुद्राचे खारे पाणी जिथे आत शिरले आहे तिथे तेही कमी रोधकतेचे दिसते. खारट गार पाणी आणि गोडसर गरम पाणी मीटरला सारखेच वाटू शकते.

"मशीन लावूनही बोअर फेल जाते, मग यावर विश्वास का ठेवावा?"

ही शंका रास्त आहे. आपल्या पाषाणात पाणी मिळते ते थरांच्या सांध्यांत आणि बारीक भेगांत. दहा फूट बाजूला गेले तरी भेग हुकते. शिवाय घाईत घेतलेल्या दोन-चार वाचनांवर पॉइंट ठरवला, तर दोष पद्धतीचा नसतो. भूऔष्णिक शोधात निर्णय केवळ रोधकतेवर सोडत नाहीत. झऱ्याच्या पाण्यातील सिलिका व क्षार तपासून खालचे तापमान अनुमानतात, उथळ छिद्रांत तापमापी सोडून खोलीनुसार वाढ मोजतात, गुरुत्वाची मोजणी करतात. एका खोल विहिरीचा खर्च कोट्यवधी रुपयांत जातो, तेव्हा दहा जागांपैकी सात जागा खोदण्याआधीच बाद करणारे सर्वेक्षण आपली किंमत वसूल करते. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल हेच आहे: कुठे खोदू नये, हे ती अधिक खात्रीने सांगते.

"जमिनीत वीज सोडल्याने पिकाला, माणसाला धोका नाही ना?"

प्रवाह थोडा असतो आणि वाचन झाले की थांबतो. पिकावर किंवा पाण्यावर त्याचा परिणाम राहत नाही. बाहेरच्या खुंट्यांवर मात्र शेकडो व्होल्टचा दाब असू शकतो, म्हणून वाचन चालू असताना खुंटीला किंवा उघड्या तारेला हात लावू नये आणि लहान मुलांना, जनावरांना दूर ठेवावे. त्या दिवशी मिठाचे पाणी ओतणाऱ्या मुलाला प्रत्येक वेळी मीटरवाल्याची हाक येईपर्यंत थांबवले जात होते, आणि ते योग्यच होते.

"यामुळे भूकंप होणार नाही ना?"

३० सप्टेंबर १९९३ची पहाट विसरणे आपल्याला शक्य नाही. किल्लारीच्या धक्क्याने सोलापुरातली माणसेही घराबाहेर धावली होती, म्हणून या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देणे चुकीचे ठरेल. रोधकतेच्या सर्वेक्षणात जमिनीत खोलवर दाबाने काही भरले जात नाही की तिच्यातून काही काढले जात नाही, त्यामुळे त्याचा भूकंपाशी संबंध नाही. पुढच्या टप्प्यात, कोरड्या गरम खडकात दाबाने पाणी भरून भेगा निर्माण करण्याच्या पद्धतीत, धोका खरा आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे २००६ मध्ये अशा कामामुळे ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि प्रकल्प बंद पडला. दक्षिण कोरियातील पोहांग येथे २०१७ मध्ये ५.५ तीव्रतेचा भूकंप झाला व सरकारने नेमलेल्या समितीने त्याचा संबंध भूऔष्णिक प्रकल्पाशी जोडला. अशी पद्धत कुठे वापरायची झाली, तर तिथल्या लोकांनी हा प्रश्न आधी विचारलाच पाहिजे.

सोलापुरात काय शक्य आहे

फताटेवाडीच्या १,३२० मेगावॉटच्या कोळशावरील केंद्राची जागा घेईल अशी उष्णता आपल्या पायाखाली सापडण्याची अपेक्षा धरू नये. आपल्या भागाखालचे कवच जुने आणि तुलनेने थंड आहे. किल्लारीला भूकंपानंतर घेतलेल्या ६१७ मीटरच्या छिद्रात काळा पाषाण ३३८ मीटरवर संपला आणि पुढे प्राचीन खडक लागला. त्या खडकात तापमान खोलीबरोबर सावकाश वाढते. अलास्कात चेना येथे २००६ पासून अवघ्या ७४ अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते, हे खरे, पण तिथे यंत्र थंड करायला बर्फाळ पाणी आणि गार हवा आहे. वीज मिळते ती गरम आणि गार यांच्या फरकातून, आणि मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या हवेत तो फरक आपल्याकडे फारच तोकडा पडेल.

"आमच्या बोअरला कोमट पाणी येते, त्याचे काय?"

हा प्रश्न मला अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत विचारला गेला आहे. उत्तरासाठी साधा हिशोब पुरतो. सोलापूरचे वार्षिक सरासरी तापमान सुमारे २७ अंश आहे आणि काही मीटर खाली जमीन वर्षभर साधारण तेवढीच राहते. त्यापुढे दर किलोमीटरला २० ते ३० अंशांची वाढ धरली, तर हजार फुटांवर, म्हणजे ३०५ मीटरवर, सहा ते नऊ अंश वाढतात आणि पाणी ३३ ते ३६ अंशांचे होते. जानेवारीच्या पहाटे ते हाताला चांगले कोमट लागते, पण ते त्या खोलीचे नेहमीचेच तापमान आहे. मोटर चालू करून पंधरा-वीस मिनिटे पाणी वाहू द्यावे, म्हणजे पाइपात तापलेले पाणी निघून जाईल, आणि मग तापमापी धरावा. दोनशे फुटांच्या बोअरला चाळीस अंशांच्या वर आकडा आला आणि तो उन्हाळ्या-हिवाळ्यात तसाच राहिला, तर बोअरची खोली, तारीख आणि तापमान लिहून ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जरूर द्यावे. चार खुंट्या आणि मीटर तिथे घेऊन जाण्याइतके कारण त्या एका नोंदीत असेल.